भिशीची वही माझ्याकडं आणि थकबाकीदारही मीच. तालमीत कसं सांगू?

वहीवाला
६ जुलै, रात्री ११:५०

नमस्कार मंडळी. इथं वाचतो रोज, लिहितोय पहिल्यांदा. मोबाईल पोरीचा आहे, ती झोपल्यावर घेतलाय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

कोल्हापुरातला आहे. शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत मोल्डर, म्हणजे वाळूचे साचे भरतो. या धंद्यात सोळा वर्षं, या कारखान्यात सहा, ठेकेदाराकडून. वय ४३. पेठेत दोन खोल्या भाड्यानं, भाडं साडेचार हजार. बायको डबे करते, आठ डबे आहेत. पोरगी यंदा दहावीला.

फेब्रुवारीपासून खोकला होता. फौंड्रीतल्या माणसाचा खोकला कोण मनावर घेतंय? आमच्यात सगळेच खोकतात. सकाळी तोंड धुताना काळं पडतं, तेही कुणाला नवीन नाही. वजन उतरायला लागलं तेव्हा बायको म्हणाली, पँटला आता पट्टा नको, दोरीच घ्या. मी हसण्यावारी नेलं. एप्रिलच्या शेवटी बेसिनमध्ये रक्त दिसलं तेव्हा हसू गेलं.

घाबरून एका खाजगी दवाखान्यात गेलो. नाव नको. चार दिवस ठेवून घेतलं, न्यूमोनिया म्हणाले. सलाईन, इंजेक्शनं, सिटी स्कॅन. बिल एकेचाळीस हजार. आठ दिवसांत ताप परत हजर. मग मे संपता संपता थोरल्या दवाखान्यात, म्हणजे सरकारी सीपीआरला गेलो. थुंकी घेतली आणि सांगितलं, टीबी. १ जूनपासून गोळ्या चालू आहेत, फुकट मिळतात. वजनाप्रमाणं रोज तीन. वजन ४६. विसाव्या वर्षी तालमीत काट्यावर उभारलो की ७४ भरायचं.

आता खरी गोष्ट. एकेचाळीस हजारांतले पंचवीस हजार मी तालमीच्या भिशीतून उचलले. बायकोचं कानातलं ठेवून बारा आले, चार घरात होते. आमची भिशी म्हणजे बत्तीस जण, आठवड्याला दोनशे, दर शुक्रवारी. सभासदाला नड असली तर महिना दोन टक्क्यानं कर्ज, दोन जामीन लागतात, दिवाळीला भिशी फुटते. अकरा वर्षं ती वही मी लिहितोय. लाल कापडी पुठ्ठ्याची लांब वही, दर पाडव्याला नवी. आजवर एक रुपया इकडचा तिकडं नाही.

मे महिन्यापासून कामावर खाडेच खाडे, जून तर अख्खा घरात. नऊ शुक्रवार माझे दोनशे भरले नाहीत. म्हणजे अठराशे. दोन महिन्यांचं व्याज हजार. चुकलेल्या आठवड्याला वीस रुपये दंड, हा नियम मीच घातलाय, ते एकशे ऐंशी. दर शुक्रवारी एकूण जमेची बेरीज खरी लिहिली, पण माझ्या रकान्यात पेन्सिलनं टिंब देत गेलो. वही कोण बघतंय? अकरा वर्षांत कुणी बघितली नाही.

तीन वर्षांमागं आमच्यातल्या एका रिक्षावाल्याचे हप्ते थकलेवते. मी त्याच्या नावापुढं लाल पेनानं 'थकीत' लिहिलं आणि सगळ्यांसमोर वाचलं. त्याची आई आजारी होती हे मागनं कळलं. दंडही सोडला नव्हता.

तालमीत न्यूमोनियाच सांगितलंय अजून. टीबी म्हटलं की बायकोचे डबे बंद होणार, हे मला रात्री दिसतं. आज आषाढी आणि आजच मोहरम. तालमीतले पंजे विसर्जनाला गेले, वाजप घरात ऐकू येत होतं. मी एका पंजालाही खांदा दिला नाही असं पहिल्यांदाच झालं. पोरं विचारून गेली.

विचारायचं एवढंच. सांगावं का? कुणाला आधी सांगावं? आणि काय म्हणून सांगावं? मला मागता येत नाही, खरंच येत नाही.

कोथरूडकर
७ जुलै, सकाळी ८:१०

वाचून वाईट वाटलं. ऑनलाइन मदतनिधी उभारणाऱ्या साइट असतात. रिपोर्ट, एक चांगला फोटो आणि क्यूआर कोड टाका. पंचवीस हजार म्हणजे काहीच नाही, दोन दिवसांत जमतील. मुलीचा फोटो असेल तर प्रतिसाद जास्त मिळतो.

वहीवाला
७ जुलै, सकाळी ९:०२

मदतीच्या भावनेनं सांगितलंत, आभार. पण पोरीचा फोटो नाही टाकणार. तिच्या वर्गातली पोरंही मोबाईल बघतात.

जुना कामगार
७ जुलै, दुपारी १:३०

पाव्हणं, आधी एक काम करा. पगाराची चिठ्ठी काढा. ठेकेदार चिठ्ठी देत नसंल तर ज्याला देतोय त्याची बघा. कपातीत ईएसआय, म्हंजे कामगार इमा, म्हणून काय दिसतंय? पगार चौदा हजार धरला तर १०५ रुपये दिसायला पाहिजेत. पाऊण टक्का कामगाराचा, सव्वातीन टक्के मालकाचा. २१ हजारापर्यंत पगार असणाऱ्याला हे लागू. ठेकेदाराकडचा कामगार असला तरी शेवटी जबाबदारी मूळ कारखानदाराची, हे ठेकेदार कधी सांगत न्हाई.

ते १०५ कापत असतील तर तुम्ही इमा उतरवलेला माणूस हाय. आणि तुम्ही पंचवीस हजाराचं कर्ज काढून खाजगीत सलाईन लावून घेतलं! रागावू नका, मी बी १९९८ ला हेच केलतं, बोट तुटल्यावर.

दवाखाना तर हायच, पण तुम्हाला आत्ता लागतोय तो रोजगार. आजारपणाच्या रजेत ईएसआयकडनं पगाराच्या ७० टक्के मिळतात, ९१ दिवसांपर्यंत. अट अशी की त्या हिशोबाच्या सहामाहीत किमान ७८ दिवसांचा भरणा पाहिजे. आणि टीबी हा त्यांच्या लांबणाऱ्या आजारांच्या यादीत हाय. त्याला ८० टक्क्यानं पुढं वाढवून मिळतं, दोन वर्षांपर्यंत जाऊ शकतं, पण नोकरी सलग दोन वर्षं झालेली पाहिजे. तुमची सहा झाल्यात. मात्र ठेकेदार मधी बदलला असंल आणि नवा नंबर काढला असंल तर जुना नवा जोडून घ्या, न्हाईतर दोन वर्षं भरत न्हाईत म्हणून परत पाठवतील.

इम्याच्या डॉक्टरचा दाखला लागतो, सीपीआरचा कागद दाखवून घ्यायचा. दाखल्यात खंड पडू देऊ नका. पासबुकाची झेरॉक्स, आधार, सगळं एका प्लॅस्टिकच्या पिशवीत. कारखान्यात साहेबाला फोन करून "आजारी आहे" म्हणणं आणि कागद देणं यात जमीनअस्मानाचा फरक हाय.

हे मागणं न्हवं. हे तुमचेच सहा वर्षांचे १०५ हायत.

गावची आशा
७ जुलै, संध्याकाळी ६:४५

दादा, मी करवीर तालुक्यात आशा सेविका आहे. तुमच्यासारखे पेशंट माझ्याकडे असतात म्हणून लिहिते.

पहिलं डब्याचं. फुप्फुसाचा टीबी हवेतून पसरतो, खोकल्यातून. भाकरीतून, डब्यातून नाही. औषध नीट चालू झालं की साधारण दोन आठवड्यांत दुसऱ्याला होण्याचा धोका खूप कमी होतो, आणि तुमचा तर सहावा आठवडा आहे. तरी खोकताना रुमाल धरा आणि खिडकी उघडी ठेवा, पाऊस असला तरी. वहिनींची आणि मुलीची तपासणी झाली का? हे तुम्ही लिहिलंच नाहीत. उद्याच करून घ्या. त्यांना टीबी नाही असं ठरलं तर तो होऊ नये म्हणून गोळ्या असतात, त्याही फुकट. वहिनींचा रिपोर्ट हातात असला तर डब्याबद्दल बोलणाऱ्याला दाखवायला पण होतो.

दुसरं, निक्षय पोषणचे, म्हणजे सरकार टीबीच्या पेशंटला खुराकासाठी देतं ते पैसे आले का? आधी महिना ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. सहा महिन्यांचे सहा हजार, तीन-तीन हजारांचे दोन हप्ते. पहिला निदान झाल्यावर, दुसरा औषधाचे ८४ दिवस पूर्ण झाल्यावर. थेट खात्यात येतात. आले नसतील तर बहुतेक खातं आधारला जोडलेलं नसतं किंवा वापर नसल्यामुळे बंद पडलेलं असतं. माझ्या निम्म्या पेशंटांचं हेच. चौकशीचा फोन १८०० ११ ६६६६, फुकट आहे.

तिसरं, निक्षय मित्र. कुणीही माणूस किंवा मंडळ पेशंटला दरमहा धान्य, डाळ, तेल, शेंगदाणे असा शिधा देऊ शकतं. तुमची तालीमसुद्धा निक्षय मित्र म्हणून नाव नोंदवू शकते. पेशंटच्या संमतीशिवाय काही होत नाही, त्यामुळे ती काळजी नको. हे फक्त पुण्याचं काम म्हणून नाही हो. झारखंडात मोठा अभ्यास झाला, २०२३ साली छापून आला. पेशंटच्या घरच्यांना नीट शिधा दिला तर घरात दुसऱ्या कुणाला टीबी होण्याचं प्रमाण जवळजवळ ४० टक्क्यांनी कमी झालं. म्हणजे तुम्ही शिधा नाकारला तर तो मुलीच्या ताटातला नाकारता.

लघवी केशरी होते त्याला घाबरू नका, गोळीमुळे होते. डोळे पिवळे दिसले, उलट्या थांबेनात, तर मात्र लगेच दवाखाना. आणि दारू घेत असाल तर सहा महिने अजिबात नाही.

बरी झालेली
७ जुलै, रात्री १०:२०

आशाताईंनी केशरी लघवीचं लिहिलं आणि मला माझे दिवस आठवले. मला २००९ ला झाला होता, लग्नाला सात महिने झालेले. ते केशरी बघून मी किडनी गेली समजून बाथरूममध्ये रडत बसले होते, कुणी सांगितलंच नव्हतं.

माझ्या सासरी ठरलं की कुणाला कळू द्यायचं नाही. सहा महिने मी "माहेरी गेलेय" होते आणि प्रत्यक्षात वरच्या खोलीत होते. गोळ्यांनी बरं व्हायला सहा महिने लागले. त्या खोलीतून बरं व्हायला किती लागले ते मी मोजलं नाही. नणंद चोरून यायची, पायरीवर बसून हरभऱ्याची भाजी निवडायची आणि गप्पा मारायची. तेवढंच. पैशाची मदत नव्हती ती, पण मला तारीख वार कळायचे तिच्यामुळे.

तुम्ही "मागता येत नाही" म्हणता. पण तुमचे मित्र विचारायला येतात आणि तुम्ही त्यांना न्यूमोनिया सांगून परत पाठवता. ते दार कोण लावतंय?

अजून एक. वहिनींच्या नावावर बचत गटाचं किंवा फायनान्सचं कर्ज आहे का? आमच्याकडे बायका हेच शेवटपर्यंत सांगत नाहीत. विचारा.

चिखलीकर
८ जुलै, सकाळी ७:०५

आमी प्रयाग चिखलीचं. आमास्नी पावसाळा आला की राजाराम बंधाऱ्यावरचा पंचगंगेच्या पाण्याचा आकडा बघितल्याशिवाय चहा गोड लागत न्हाई. ३९ फूट म्हंजे इशारा, ४३ म्हंजे धोका. २०१९ ला ५५ च्या वर गेलं तवा ज्येंनी ३९ ला म्हसरं सोडलीती त्यांची वाचली. ज्येंनी "बघू की, उतरतंय" म्हटलं त्येंनी दाव्यासकट घालवली.

भावा, तुझं आत्ता ३९ हाय. अठराशे, हजार आणि एकशे ऐंशी. दिवाळीला भिशी फुटायच्या टायमाला ते टिंब कुणी बघितलं की ४३. मग टीबी कोण ऐकणार न्हाई, "पैसं खाल्लं" एवढंच ऱ्हातंय.

आता कुणाला आधी सांगायचं म्हंतोस तर सरळ हाय. ज्येंनी जामीन म्हणून सही केलीया ती दोघं. तू न्हाई दिलंस तर त्येंच्या खिशातनं जाणार, मग त्येंना दुसऱ्याच्या तोंडनं कळावं व्हय? त्या दोघांस्नी घरी नगं, बाहेर गाठ. आकडा तोंडपाठ करून जा. "लई अडचण हाय" असलं गोलगोल बोलू नगंस, ऐकणाऱ्याला वाटतंय ह्येला लाख पायजेत. आणि पैसं मागूच नगं. मुदत माग. तालमीतलं कोण बी मुदतीला न्हाई म्हणत न्हाई. पैसं मागितलं की माणूस बायकोला इचारतंय.

वहीवाला
८ जुलै, रात्री ११:१५

सगळ्यांचं दोनदोनदा वाचलं.

१०५ रुपये आहेत! पोरीनं जुने मेसेज आणि एक फाटकी चिठ्ठी शोधली, त्यात स्पष्ट आहे. मी आजवर त्याला युनियनची वर्गणी समजत होतो.

बायकोला विचारलं. आहे. फायनान्सचं चाळीस हजारांचं कर्ज, आठवड्याला ७८० चा हप्ता, पाच जणींचा गट. डब्याची मोठी भांडी आणि शेगडी घेतलीती, बाकीचे माझ्या दवाखान्याच्या आधीच्या तपासण्यांत गेले. तिनं सांगितलं नव्हतं आणि मीही वहीतलं टिंब तिला सांगितलं नव्हतं. दोघंही गप्प बसलो बराच वेळ. मग ती म्हणाली, पोह्याला फोडणी टाकू का. रात्री दहाला पोहे खाल्ले.

जुना कामगार
९ जुलै, सकाळी ६:५०

फायनान्सवाल्यांबद्दल ऱ्हायलं. वसुलीला सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहाच्या नंतर फोन किंवा दारात येणं रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमात बसत न्हाई. दमदाटी तर न्हाईच. वहिनींस्नी म्हणावं, शाखेत जाऊन लेखी द्या की घरातला कमावता आजारी हाय, हप्त्याची मुदत वाढवून द्या. पोच घ्या. गटातल्या बाकीच्या चौघींस्नी मात्र आधीच सांगा, कारण हिचा चुकला की त्येंच्यावर येतंय. चिखलीकरांनी जामिनाचं सांगितलं तीच गोष्ट.

वहीवाला
२२ ऑगस्ट, रात्री १०:३०

बरेच दिवस लिहिलं नाही. काहीजणांनी विचारलं होतं म्हणून सगळं सांगतो.

१० जुलैला दोन्ही जामीनदारांना गंगावेशीत दूध कट्ट्यावर गाठलं. एक जण उद्यमनगरात वर्कशॉप चालवतो, दुसरा महापालिकेत. आकडे पाठ करून गेलोवतो ते पहिल्याच वाक्यात विसरलो. टीबी एवढंच बोललो. वर्कशॉपवाला भडकला. टीबीवर नव्हे. "दोन महिने न्यूमोनिया म्हणून गंडवत होतास व्हय रं आमास्नी? मी तुला घरी बोलवून मटण खायला घालणार होतो, तू टाळलंस तवाच मला वाटलं काय तरी बिनसलंय." दुसरा काही बोलला नाही. त्यानं म्हशीची धार काढलेला ग्लास माझ्यापुढं सरकवला. मी म्हटलं डॉक्टर उकळून प्या म्हणतात. तर गवळ्याकडनं पिशवीत बांधून घरी पाठवलं.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. पाऊस असा की तालमीच्या पत्र्याखाली एकमेकांचं ऐकू येत नव्हतं. कॅरम थांबवला. मी लांब, दारापाशी बसलो, तोंडाला रुमाल. वही उघडली आणि नेहमीसारखं थकबाकी वाचायला लागलो. यावेळी एकच नाव होतं. मूळ पंचवीस हजार. दहा आठवड्यांचे दोन हजार. व्याज हजार. दंड दोनशे. मग कारण.

एक मिनिटभर फक्त पत्रा वाजत होता.

पहिला बोलला तो रिक्षावाला. "दंड माफ करायचा न्हाई." सगळ्यांनी त्याच्याकडं बघितलं. "माझा केला नव्हता, ह्याचा का करायचा? नियम म्हंजे नियम." आणि खिशातनं दोनशेची ओली नोट काढून वहीवर ठेवली. "हं, घे. लिव्ह जमा." मला त्या नोटेखालचं अक्षर दिसेना. कार्बनच्या शाईसारखं सगळं पसरलंवतं, नोटेचं पाणी लागून का कशानं, देव जाणे.

ठरलं असं. दिवाळीपर्यंत व्याज थांबलं. आठवड्याचे दोनशे जमतील तेव्हा. दिवाळीला माझ्या वाटणीचं जे निघेल ते मुद्दलात वळतं करायचं, उरलेल्याला पुढच्या वर्षीची मुदत. रीतसर लिहून सगळ्यांच्या सह्या झाल्या. पैसे मी मागितले नाहीत, मुदतच मागितली. चिखलीकर, तुम्हाला रामराम.

दुधाचं मात्र माझ्या मनाविरुद्ध झालं. तालमीत पाच पोरं अजून मातीत उतरतात, त्यांच्या खुराकाचं दूध एका गवळ्याकडनं येतं. वस्तादांनी त्यातच अर्धा लिटर वाढवलं, माझ्या नावानं. मी नको म्हटलं. वस्ताद सत्तरीचे आहेत, मला बारा वर्षांचा असताना लंगोट बांधायला त्यांनीच शिकवला. म्हणाले, "पैलवान असताना तालमीचं दूध ढोसायचास तवा लाज वाटली न्हाई, आता ४६ किलोचा झाल्यावर अब्रू आली व्हय तुला?" पुढं वाद घातला नाही. रोज सकाळी त्यांतलाच एक पोरगा तांब्या ठेवून जातो. दार वाजवतो आणि पळतो, अजून थोडा भितोय.

निक्षय मित्रचं अध्यक्षांना फार आवडलं. नको तितकं. तालमीनं नाव नोंदवलं, माझ्याशिवाय अजून तीन पेशंट घेतलेत, ते कोण हे मलाही माहीत नाही. पण त्यांना चौकात फ्लेक्स लावायचा होता, सगळ्यांच्या फोटोंसकट. कोल्हापुरात कुणाचा कुत्रा व्यायला तरी फ्लेक्स लागतो, त्यांचा दोष नाही. पेशंटचं नाव छापता येत नाही असं दवाखान्यातल्या मॅडमनी सांगितल्यावर ते एवढे खट्टू झाले की मलाच वाईट वाटलं.

ईएसआयचं जुना कामगार म्हणाले तसंच झालं. मधी ठेकेदार बदललेला, दोन नंबर निघाले. चार हेलपाटे. महापालिकेतला जामीनदार दोनदा रजा काढून बरोबर आला, त्याला सरकारी टेबलाशी कसं बोलायचं ते कळतं. गेल्या आठवड्यात पहिले सहा हजार एकशे चौऱ्याण्णव आले. ठेकेदार अजून फोन उचलत नाही.

आता जे बरं झालं नाही तेही सांगतो. आठातले तीन डबे गेले. एकानं तोंडावर सांगितलं, दोघांनी "गावाकडं चाललोय" म्हणून सांगितलं आणि मला ते दोघं रोज कोपऱ्यावरच्या हॉटेलात दिसतात. बायकोचा आणि पोरीचा रिपोर्ट चांगला आहे, दोघी प्रतिबंधाच्या गोळ्या घेतात. तो रिपोर्ट बायकोनं डब्यावाल्यांना दाखवायला नकार दिला. म्हणाली, ज्याला माझ्या हातची भाकरी रिपोर्ट बघून खायची आहे त्यानं खाऊ नये. त्यातला एक परवा परत आला. तिनं त्याला घेतला, पण महिना शंभर रुपये वाढवून. मी काही बोललो नाही.

फायनान्सचा हप्ता कमी झाला नाही. मुदत दोन महिने वाढवून दिलीय, लेखी. गटातल्या एकीनं मधले तीन हप्ते भरले, ते तिला देणं आहे. ते वेगळ्या वहीत लिहिलंय, बायकोच्या.

फौंड्रीत परत जायचं की नाही हे अजून ठरत नाही. डॉक्टर म्हणतात वाळूच्या धुळीत परत नको, फुप्फुसाला आधीच डाग आहेत. वर्कशॉपवाला म्हणतो स्टोअरला ये, मालाची आवकजावक लिही. पगार साडेदहा म्हणतोय. सोळा वर्षं साचा भरलेला हात आहे, नुसतं लिहिणं जमेल का बघायचं. नोव्हेंबर अखेर गोळ्या संपतात, तोवर वेळ आहे.

बरी झालेली
२२ ऑगस्ट, रात्री ११:०५

वहिनींना शंभर रुपयांबद्दल माझा नमस्कार सांगा. वही अजून तुमच्याकडेच आहे ना?

वहीवाला
२२ ऑगस्ट, रात्री ११:२०

माझ्याकडंच आहे. मी दुसऱ्याला देतो म्हटलं तर कुणी हात लावेना, अक्षर चांगलं नाही म्हणाले सगळे. आजच लिहून आलो. गणपती पाच दिवसांवर, मांडवाचे बांबू तालमीतच पडलेत, त्यांवर बसून लिहिलं. लाल पेन तेवढं रिक्षावाल्यानं काढून घेतलंय.

गावची आशा
२३ ऑगस्ट, सकाळी ७:३०

दादा, दुसऱ्या महिन्याच्या थुंकीचं लिहिलंच नाहीत! आणि आज ८४ दिवस होतात, दुसऱ्या तीन हजारांचं बघा. वजन?

वहीवाला
२३ ऑगस्ट, सकाळी ७:५०

थुंकी निगेटिव्ह आली, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातच. सांगायचं राहिलं. पहिले तीन हजार खातं आधारला जोडल्यावर आले. वजन तालमीच्या काट्यावर काल साडेएकोणपन्नास, वस्ताद म्हणतात काटा अर्धा किलो जास्त दाखवतो. गोळ्या आणायला आजच जायचंय. पावसानं उघडीप दिलीय, चालत जातो.